काटकसरी निसर्गाची अफवा

दोन सपाट पत्रे एकावर एक आडवे धरा, मध्ये एक सेंटिमीटर हवा. वरचा पत्रा ३१० केल्विनला, म्हणजे साधारण ३७ अंश सेल्सियसला ठेवा. खालचा ३०० केल्विनला. गरम पत्रा मुद्दाम वर ठेवायचा, म्हणजे तापलेली हवा वर उसळून घोळ घालणार नाही आणि उष्णता निव्वळ वहनानं खाली उतरेल. हवेची उष्णतावाहकता दर मीटर, दर केल्विन ०.०२६ वॉट. तेव्हा एका चौरस मीटरमागे २६ वॉट उष्णता वरून खाली जाते. (किरणोत्सर्गानं जाणारी उष्णता इथे सोडून देतो. पत्रे घासूनपुसून लखलखीत केले की ती फारशी उरत नाही.)

हिशेब चोख आहे. वरून २६ निघाले, खाली २६ पोचले, वाटेत पैची गळती नाही. पण क्लॉसियसनं शिकवलेली दुसरी खतावणी उघडली की आकडे जुळेनासे होतात. या खतावणीत उष्णतेला ती ज्या तापमानाला निघाली किंवा पोचली त्या तापमानानं भागायचं. २६ भागिले ३१० म्हणजे ०.०८३९. खाली पोचताना २६ भागिले ३००, म्हणजे ०.०८६७. निघालं त्याहून जास्त पोचलं! फरक ०.००२८. दर सेकंदाला इतकी एन्ट्रॉपी त्या सेंटिमीटरभर हवेत नव्यानं जन्माला येते. तिची किंमत कामात मोजायची तर अशी: त्याच दोन पत्र्यांमध्ये हवेऐवजी आदर्श इंजिन बसवलं असतं, तर वरून निघालेल्या २६ वॉटपैकी ०.८४ वॉट काम हाती लागलं असतं. हवेनं ते होऊ दिलं नाही. ऊर्जा बुडाली नाही, संधी बुडाली.

या ०.००२८ वरून गेल्या शतकात पुष्कळ तत्त्वज्ञान उभं राहिलं आहे, आणि माझं भांडण त्या तत्त्वज्ञानाशी आहे. विज्ञानावरच्या व्याख्यानांत ऐकायला मिळतं की निसर्ग एन्ट्रॉपी कमीत कमी तयार होईल अशी वाट निवडतो. दुसऱ्या व्याख्यानात ऐकायला मिळतं की तो जास्तीत जास्त तयार होईल अशी वाट निवडतो. कधी कधी दोन्ही वाक्यं एकाच वक्त्याच्या तोंडून, मध्ये फक्त चहा. श्रोत्यांना दोन्ही आवडतात, कारण दोन्हींत निसर्गाला स्वभाव मिळतो: एकात तो काटकसरी आजोबा असतो, दुसऱ्यात उधळा वारस. माझं म्हणणं असं की यातलं एकही वाक्य नियम नाही. उष्मागतिकीचा दुसरा नियम फक्त चिन्ह सांगतो: निर्मिती ऋण असणार नाही. किती, हे तो सांगत नाही. आणि हे तपासायला वायूइतकं चांगलं ठिकाण नाही, कारण वायूमध्ये उष्णता कशी वाहते हे आपल्याला रेणूंच्या टकरींपर्यंत उतरून माहीत आहे.

त्याआधी शब्दाबद्दल थोडं. क्लॉसियसनं १८६५ मध्ये रूपांतर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘एन्ट्रॉपी’ घडवला, आणि तो ‘एनर्जी’शी मुद्दाम मिळताजुळता ठेवला. आपल्याकडे त्याचं भाषांतर सर्रास ‘अव्यवस्था’ असं होतं. पत्र्यांमधल्या हवेकडे बघा. स्थिती स्थिर आहे. सकाळी होती तशीच संध्याकाळी आहे, तिच्यात काहीही जास्त विस्कटलेलं नाही. हवेची स्वतःची एन्ट्रॉपी तसूभर वाढत नाही; जेवढी तयार होते तेवढी खालच्या पत्र्यातून बाहेर पडते. मग अव्यवस्था कुठे वाढली? हवेत तर नाही. ‘अव्यवस्था’ या शब्दानं साठा आणि निर्मिती यांतला फरकच पुसून टाकला. त्यापेक्षा एन्ट्रॉपी हा परका शब्द परका म्हणून वापरलेला बरा.

आता वायू. क्लॉसियसनं १८५७ मध्ये लिहिलं की उष्णता म्हणजे रेणूंची धावपळ, आणि हवेचे रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावतात. त्यावर बायस बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञानं रोखठोक शंका काढली: एवढे धावतात तर खोलीच्या एका टोकाला सोडलेला वास दुसऱ्या टोकाला पोचायला इतका वेळ का? स्वयंपाकघरात फोडणी पडली की ठसका ओटीवर यायला जो वेळ लागतो, त्याचीच ही शंका. क्लॉसियसनं १८५८ मध्ये उत्तर दिलं: रेणू धावतात खरे, पण पावलोपावली एकमेकांवर आदळतात. दोन टकरींमधल्या सरासरी अंतराला त्यानं नाव दिलं, तो आजचा मुक्त पथ. आजच्या आकड्यांत सांगायचं तर साध्या हवेत तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही कमी, सुमारे ६८ नॅनोमीटर भरतो, आणि एका रेणूच्या वाट्याला सेकंदाला सुमारे ७०० कोटी टकरी येतात. धाव पुष्कळ, प्रगती थोडी. म्हणूनच गोधडी ऊब धरते. तिच्या जुन्या लुगड्यांच्या थरांत अडकलेली हवा तिथल्या तिथे धडपडत राहते आणि अंगातली उष्णता सावकाश बाहेर जाते.

या चित्रावरून मॅक्सवेलनं १८६० मध्ये गणित केलं आणि त्यातून एक विचित्र निष्कर्ष निघाला: वायूचा चिकटपणा दाबावर अवलंबून नाही. उष्णतावहनालाही तोच न्याय लागू होतो. हवा निम्मी केली तर वाहून नेणारे हमाल निम्मे होतात, पण प्रत्येक हमाल न अडखळता दुप्पट लांब जातो, मजुरी तेवढीच. खुद्द मॅक्सवेलला हे पटेना. मग त्यानं लंडनच्या केन्सिंग्टन भागात राहत्या घरी, पत्नी कॅथरीनच्या मदतीनं, काचेच्या तबकड्या हवेत झुलवून पाहिल्या. खोलीचं तापमान धरून ठेवण्यासाठी विस्तव सांभाळणं हे काम कॅथरीनकडे होतं. १८६६ मध्ये त्यानं जाहीर केलं की निष्कर्ष बरोबर आहे. उष्णतावहनाच्या गणितात मात्र तो पहिल्या खेपेस सपशेल चुकला होता. १८६२ मध्ये क्लॉसियसनं त्याच्या मांडणीतल्या चुका दाखवल्या, आणि एककं बदलतानाच्या चुकाही. मॅक्सवेलसारखा माणूस एककांत चुकतो हे वाचून आमच्यासारख्यांना जो दिलासा मिळतो तो शब्दांत सांगता येणार नाही. त्यानं मांडणी नव्यानं केली, आणि १८७२ मध्ये व्हिएन्नात योझेफ श्टेफाननं हवेची वाहकता प्रत्यक्ष मोजली तेव्हा ती नव्या गणिताच्या जवळ आली.

इथवर एन्ट्रॉपी आलेलीच नाही. फूरियरच्या १८२२ च्या ग्रंथातही ती नाही, असायचं कारणच नव्हतं. तापमानाचा उतार जितका तीव्र तितका प्रवाह जास्त, एवढंच फूरियर सांगतो. एन्ट्रॉपी टकरींपर्यंत नेली ती बोल्ट्झमाननं, १८७२ मध्ये. त्यानं दाखवलं की विरळ वायूत एन्ट्रॉपीची निर्मिती टकरींमध्ये होते आणि ती कधीच ऋण नसते. नुसता धावणारा रेणू काहीही निर्माण करत नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले रेणू आपापल्या गावच्या तापमानाची आठवण घेऊन भेटतात, आदळतात, आणि आठवणी मिसळून जातात. त्या मिसळण्यातून ते ०.००२८ येतात. चार वर्षांनी त्याचाच मित्र लोश्मिट म्हणाला, एकेक टक्कर उलटी फिरवता येते, मग त्यांच्या बेरजेला एकच दिशा कशी? बोल्ट्झमानच्या गणितात एक गृहीत दडलं होतं: आदळण्याआधी दोन रेणूंचा एकमेकांशी काही संबंध नसतो. दिशा त्या ‘आधी’मधून आली होती. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. १९७५ मध्ये लॅनफर्डनं न्यूटनच्या यांत्रिकीतून बोल्ट्झमानचं समीकरण काटेकोरपणे काढून दाखवलं, पण दोन टकरींमधल्या सरासरी वेळाच्या एका अंशापुरतंच. तेवढ्या वेळात गोधडीत काहीच घडत नाही.

टकरींतच निर्मिती होते म्हटल्यावर एक खोडसाळ प्रश्न विचारावासा वाटतो. टकरीच बंद पाडल्या तर?

थर्मासमध्ये हेच करतात. ड्यूअरनं १८९२ मध्ये दुहेरी भिंतीची निर्वात बाटली केली. मॅक्सवेलच्या त्या विचित्र निष्कर्षामुळे हवा निम्मी किंवा दहा टक्क्यांवर आणून इथे भागत नाही, वाहकता तीच राहते. दाब वातावरणाच्या एक लाखाव्या हिश्शापर्यंत उतरवला की मुक्त पथ सुमारे सात मिलिमीटर होतो, भिंतींमधल्या फटीएवढा किंवा तिच्याहून मोठा. मग रेणू एका भिंतीवरून निघतो आणि थेट दुसऱ्या भिंतीवर आदळतो. वाटेत त्याला कोणी भेटत नाही. आपल्या पत्र्यांमधली हवा याहूनही चांगली विरळ केली आणि दर आदळण्याला रेणू पत्र्याचं तापमान पुरेपूर घेतो असं मानलं, तर फटीत दोन जथे दिसतील, वरून आलेला गरम आणि खालून आलेला गार, एकमेकांना न शिवता आरपार जाणारे. सरासरी ऊर्जेवरून ‘तापमान’ काढलं तर ते फटीभर सारखंच निघतं, सुमारे ३०५ केल्विन. उतार शून्य, तरी उष्णता वाहते! फूरियरचं सूत्र इथे हात टेकतं. आणि एन्ट्रॉपी? ती फटीत तयार होतच नाही, कारण तिथे टकरी नाहीत. सगळी निर्मिती दोन पत्र्यांच्या पृष्ठभागावर सरकते, जिथे परका रेणू येऊन पत्र्याचं तापमान अंगी लावून घेतो.

हे मुद्दाम सांगितलं, कारण ‘निसर्ग एन्ट्रॉपी तयार करतो’ हे वाक्य निर्मिती जणू वायूच्या अंगभूत स्वभावातून होते असं सुचवतं. तोच वायू, तेच पत्रे. पंपानं हवा काढली आणि निर्मितीचा कारखाना आतून भिंतीवर गेला. स्वभाव कोणाचा म्हणायचा, वायूचा की पंपाचा?

आता काटकसरीकडे. लार्स ऑनसागरनं १९३१ मध्ये समतोलाजवळच्या प्रवाहांचे परस्परसंबंध मांडले (त्याला १९६८ चं नोबेल मिळालं), आणि त्या पायावर प्रिगोजिननं १९४० च्या दशकात एक प्रमेय सिद्ध केलं: टोकांची स्थिती बांधलेली असेल, तर स्थिर अवस्थेत एन्ट्रॉपीची निर्मिती किमान असते. प्रिगोजिनला १९७७ चं नोबेल मिळालं, त्याची पुस्तकं लोकप्रिय झाली, आणि प्रमेयाच्या अटी वाटेत कुठेतरी गळून पडल्या. त्यानं स्वतः त्या लपवल्या नव्हत्या. मुख्य अट अशी की प्रवाह आणि त्याला रेटणारं कारण यांना जोडणारा गुणांक जागोजागी बदलू नये. उष्णतावहनात रेटणारं कारण म्हणजे तापमानाच्या व्यस्ताचा उतार, आणि गुणांक म्हणजे वाहकता गुणिले तापमानाचा वर्ग. हा गुणाकार स्थिर राहायचा तर तापमान वाढेल तशी वाहकता त्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटली पाहिजे.

वायूत ती वाढते. रेणू म्हणजे टणक गोळ्या मानल्या तर तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. मॅक्सवेलनं सोयीसाठी कल्पिलेल्या, दुरून एकमेकांना ढकलणाऱ्या रेणूंसाठी थेट तापमानाच्या प्रमाणात. खरे वायू साधारण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतात. म्हणजे पदार्थाच्या सगळ्यात साध्या अवस्थेत प्रमेयाची अट नुसती मोडत नाही, उलट्या दिशेला मोडते.

पत्रे पुन्हा घेऊ, पण तफावत मोठी ठेवू: खाली ३०० केल्विन, वर ६००. वाहकता तूर्त स्थिर धरली तर तापमान सरळ रेषेत उतरतं, हे शाळकरी गणित. निर्मिती किमान करायची तर मात्र उतार सरळ चालत नाही, तापमानाचा लॉगॅरिदम सरळ रेषेत यावा लागतो. दोन्हींची निर्मिती मोजली तर खरी अवस्था त्या किमान आकड्याच्या चार टक्के वर निघते. वाहकता तापमानाच्या प्रमाणात वाढते असं धरलं तर नऊ टक्के वर. काटकसर जमत असताना वायू ती करत नाही. मग हे प्रमेय इतकी वर्षं खरं का वाटलं? कारण आपल्या पहिल्या पत्र्यांत, ३१० आणि ३०० केल्विनमध्ये, स्थिर वाहकता धरून हाच फरक दहा हजारात एकाहूनही कमी येतो. बीएस्सीच्या प्रयोगशाळेत पुठ्ठ्याची वाहकता काढताना आमचा काटा त्याच्या शेकडो पटींनी डळमळायचा. जवळजवळ खरं असलेलं तत्त्व निव्वळ खोट्यापेक्षा जास्त टिकतं.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल. प्रकाश कमीत कमी वेळाची वाट घेतो असं फर्मा सांगून गेला, यांत्रिकीत न्यूनतम क्रियेचं तत्त्व आहे. मग उष्णतेला तसं तत्त्व असू नये का? असू द्या की. स्थिर वाहकतेसाठी ते आहेही: तापमानाच्या उताराचा वर्ग घ्या, सगळ्या जागेवर बेरीज करा, ती किमान करा, फूरियरचं समीकरण तंतोतंत मिळतं. फक्त ही बेरीज एन्ट्रॉपीची निर्मिती नव्हे. निर्मितीत त्या वर्गाला प्रत्येक ठिकाणी तापमानाच्या वर्गानं भागलेलं असतं. गणिताला किमान करायला काहीतरी मिळालं, पण त्याला एन्ट्रॉपी म्हणायचा मोह आपला. शिवाय कोलरनं १९४८ मध्ये दाखवलं की बोल्ट्झमानचं रेषीय समीकरण सोडवताना, योग्य बंधन घातलं तर, रेणूंची खरी वेग-वाटणी टकरींतली निर्मिती महत्तम करणारी असते. एकाच वायूत, एकाच वहनात, खालच्या मजल्यावर महत्तम आणि वरच्या मजल्यावर जवळजवळ किमान. स्वभावाची भाषा बोलणाऱ्यांनी आता काय म्हणावं?

महत्तमवाल्यांचा युक्तिवाद जास्त रंगतदार आहे, म्हणून त्याला थोडी जास्त जागा देतो. १९७५ मध्ये गार्थ पॅल्ट्रिजनं पृथ्वीच्या हवामानाचं एक साधं प्रारूप केलं. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे उष्णता किती जाते हे वाऱ्यांच्या गणितानं काढण्याऐवजी त्यानं एन्ट्रॉपीची निर्मिती महत्तम होईल असा प्रवाह निवडला, आणि उत्तरं खऱ्या हवामानासारखी आली. हे यश नाकारण्यात अर्थ नाही. पण एका ग्रहावर जुळलेली गोष्ट नियम व्हायला आणखी पुष्कळ लागतं, आणि तिची कसोटी आपल्या पत्र्यांवरही घेता येते. पत्रे उलटे करा, गरम खाली, गार वर. एक सेंटिमीटर हवेत दहा अंशांच्या तफावतीला काही घडत नाही, चिकटपणा हवेला जागेवर धरून ठेवतो. अंतर सव्वा सेंटिमीटरच्या पुढे नेलं की हवा उसळते, आणि बेनारनं १९०० मध्ये द्रवात पाहिल्या तशा फिरत्या कोठड्या तयार होतात. अभिसरण सुरू झालं की तेवढ्याच तफावतीला जास्त उष्णता वाहते, म्हणजे निर्मिती वाढते. महत्तमवाले टाळ्या वाजवतात: बघा, निसर्गानं उधळपट्टीची वाट निवडली!

आता तोच प्रयोग दुसऱ्या रीतीनं करा. पत्र्यांची तापमानं बांधून ठेवू नका. खालच्या पत्र्याला विजेचं वेटोळं लावून उष्णतेचा प्रवाह बांधून घाला, वरचा पत्रा पाण्यानं गार ठेवा, खालच्याचं तापमान त्याचं ते ठरू द्या. अभिसरण सुरू झालं की तेवढाच प्रवाह कमी तफावतीत भागतो, खालचा पत्रा गार होतो आणि निर्मिती घटते. आता किमानवाले टाळ्या वाजवतात. हवा तीच, कोठड्या त्याच, उसळण्याचं कारण तेच, वजन आणि चिकटपणा यांची रस्सीखेच. बदललं फक्त आपण काय बांधून ठेवलं ते. ज्या तत्त्वाचं उत्तर प्रयोग करणाऱ्याच्या वायरिंगवर उलटंपालटं होतं, त्याला निसर्गाचा नियम म्हणायला मी तयार नाही.

हा वाद पत्र्यांपुरता राहिला असता तर एवढा लेख लिहिला नसता. जीवसृष्टी म्हणजे एन्ट्रॉपी वेगानं वाढवायची निसर्गाची युक्ती, बाजारपेठ म्हणजे तसंच काहीतरी, शहर म्हणजे तसंच, असं मराठीतही लिहिलं जाऊ लागलं आहे. श्रोडिंगरच्या १९४४ च्या ‘जीवन म्हणजे काय’ या छोट्या पुस्तकानं हा दरवाजा किलकिला केला, पण त्यानं तरी सजीव काय ‘खातो’ हे विचारलं होतं. निसर्गाला हेतू चिकटवला नव्हता. सजीव एन्ट्रॉपी निर्माण करतो यात नवल नाही. दगडही करतो, पत्र्यांमधली हवाही करते. निर्माण होते म्हणून निर्माण करण्यासाठीच ती गोष्ट जन्मली, हा उलटा तर्क आपण पावसाला लावत नाही. मग पेशीला का लावावा?

तेव्हा एक विनंती. ‘निसर्ग एन्ट्रॉपी किमान करतो’ किंवा ‘महत्तम करतो’ असं कोणी व्यासपीठावरून म्हणालं, तर प्रश्नोत्तरांच्या वेळी हात वर करा आणि एवढंच विचारा: तुम्ही बांधून काय ठेवलं आहे, तापमान की प्रवाह? उत्तर येईपर्यंत खाली बसू नका.